शिफ्ट सुटल्यावरचं इंग्रजी

पहाटे पावणेसहा

माझा दिवस सुरू होतो तेव्हा डेट्रॉइटमध्ये आदल्या रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असतात. चाकणच्या एका कारखान्यातला डिझाईन इंजिनीअर सध्या तिथे ग्राहकाकडे गेला आहे. हॉटेलच्या खोलीत खिचडी टाकून, खाऊन तो लॅपटॉपसमोर बसतो. अर्धा तास आम्ही इंग्रजीत बोलतो आणि बोलायचं ते फक्त त्या दिवशी काय घडलं त्याबद्दल. पुस्तक उघडायचं नाही, हा नियम.

आज तो थोडा दुखावलेला होता. ऑफिसात समोरून येणारा माणूस 'हाउ आर यू?' विचारतो आणि उत्तराला न थांबता पुढे निघून जातो. आपल्याकडे 'काय म्हणताय?' विचारणारा निदान पाय तरी थांबवतो. त्याला म्हटलं, तो आपला रामराम समज; चालता चालता 'गुड, हाउ आर यू?' म्हणायचं आणि आपणही पुढे जायचं. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी 'हाउ वॉज युअर वीकेंड?' विचारतात, ते मात्र खरंच विचारतात. तिथे हा 'नथिंग स्पेशल' म्हणून गप्प बसतो आणि समोरच्याला वाटतं, याला आपल्याशी बोलायचंच नाही. शनिवारी हा डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम बघून आला होता. गाड्या बनवणाऱ्यांच्या मुलखात बोलायला याहून चांगला विषय कुठला? आम्ही तीन वाक्यं तयार केली: कुठे गेलो, काय आवडलं, आणि शेवटी समोरच्याला एक उलट प्रश्न. त्या उलट प्रश्नाशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. तिथला प्लँट हेड वयाने याच्या वडिलांएवढा, आणि तो सांगतो की मला पहिल्या नावानेच हाक मार. याच्या तोंडून ते नाव निघत नाही, 'सर' म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून हा कुठलंच नाव न घेता बोलतो. सहा जणांच्या मीटिंगमध्ये असं बोललेलं वाक्य कुणासाठी होतं तेच कळत नाही. मग आम्ही नावाने सुरू होणारी वाक्यं जीभ सरावेपर्यंत म्हणत राहिलो. तिथे आदर दिसतो तो तयारी करून येण्यात आणि वेळेवर उत्तर देण्यात. हे त्याच्या मनाला पटायला अजून काही दिवस लागतील आणि लागू देत.

फोन ठेवण्याआधी घड्याळाची आठवण केली. युरोपने गेल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतली, अमेरिका येत्या रविवारी घेईल. मधल्या या आठवड्यात पुणे, स्टुटगार्ट आणि डेट्रॉइट यांची एकत्र मीटिंग ठरवायची तर प्रत्येक वेळेशेजारी शहराचं नाव लिहायचं. 'टुमॉरो इव्हिनिंग' असं लिहिलं की कुणीतरी चुकणारच.

सव्वासात

कंपनीची बस भोसरीहून मिळते. मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी. नाशिक रस्त्यावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बसमध्ये माझ्या वर्गातले दोघंतिघं असतातच. ते झोप काढतात, मी त्यांच्या कालच्या मेल वाचते.

या लोकांना 'इंग्रजी येत नाही' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ए-बी-सी-डीशी ओळख व्हायची पाचवीत. आज कारखान्यात ज्यांच्या सहीने माल बाहेर पडतो ती पस्तिशी ते पन्नाशीतली माणसं त्या आधीच्या काळातली आहेत. थोरल्यांनी जपलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग डिप्लोमा किंवा डिग्रीला थेट इंग्रजी पुस्तकं. परीक्षा त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. ड्रॉइंग ते इंग्रजीत वाचतात, मशीनचं मॅन्युअल वाचून दुरुस्ती करतात. त्यांचं इंग्रजी डोळ्यांतून आत गेलं आहे. कानांवर ते फार पडलं नाही आणि तोंडातून बाहेर यायची वेळ तर नोकरी लागल्यावरच आली, तीही परदेशी ग्राहकासमोर. अशा माणसाला पुन्हा 'नाउन म्हणजे काय' शिकवायला बसणं हा त्याचा अपमान आहे.

साडेआठ

सकाळची प्रॉडक्शन मीटिंग. बोर्डासमोर उभ्याने होते, पंधरा-वीस मिनिटं. मी कडेला वही घेऊन उभी असते, शिकवत काही नाही.

"थर्ड शिफ्टला लाईन दीड तास डाऊन होती. टूल चेंजला वेळ गेला. शंभर जॉब रिवर्कला टाकलेत, डिस्पॅच होल्डवर आहे."

हे मराठी वाक्य नीट ऐका. लाईन, शिफ्ट, टूल चेंज, रिवर्क, डिस्पॅच, होल्ड: परदेशी ग्राहकाला लागणारा सगळा माल यात आहे. या माणसाला शब्दसंपत्ती वाढवायची गरज नाही. शब्द जोडणारी क्रियापदं आणि ते दुसऱ्यासमोर बोलायचा धीर, एवढंच त्याला हवं. म्हणून माझा पाठ दुकानात मिळणाऱ्या पुस्तकातून येत नाही, या बोर्डावरून येतो. पुस्तकातली माणसं सतत काँट्रॅक्टवर सह्या करतात आणि शॅम्पेनचे ग्लास उंचावतात. आमच्याकडे शाफ्टला बर आलेली असते, म्हणजे कडेला धातूची बारीक धार राहिलेली असते.

दहा

आणि आज खरोखरच बर आलेली होती. शाफ्टच्या की-वेच्या कडेला, नखाला लागेल एवढी. जर्मन ग्राहकाच्या असेंब्ली लाईनवर ती सापडली, तक्रार आली, आणि दुपारी दोन वाजता कॉल ठरला. त्यामुळे ठरवलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही त्या कॉलचीच तालीम केली. क्वालिटीतली एक तरुण इंजिनीअर, प्रॉडक्शनचे एक अनुभवी गृहस्थ, लॉजिस्टिक्सचा एक मुलगा आणि मी.

अशा तक्रारींना या धंद्यात 8-डी नावाच्या रिवाजाने उत्तर देतात. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये तो आपल्या लोकांसाठी लिहून काढला आणि पुढे साऱ्या वाहन उद्योगाने उचलला. आधी टीम, मग नेमकी अडचण, मग तातडीचा बंदोबस्त, मग मूळ कारण, असे आठ टप्पे. तिसऱ्या टप्प्यापर्यंतचं उत्तर बरेच ग्राहक 24 तासांत मागतात. रिपोर्ट लिहिण्यात आमचे लोक पक्के असतात, कारण त्याचा नमुना ठरलेला असतो. गडबड होते ती तोंडी.

मी ग्राहक झाले. पहिलाच प्रश्न टाकला: "हाउ मेनी सस्पेक्ट पार्ट्स आर इन ट्रान्झिट?"

प्रॉडक्शनच्या गृहस्थांनी सुरुवात केली ती सुट्ट्यांपासून. सुट्ट्यांत माणसं कमी होती, कटर बदलायचा राहिला, काउंटर दुसऱ्या शिफ्टने रीसेट केला होता, तसा आमचा रेकॉर्ड फार चांगला आहे... आकडा येईपर्यंत दोन मिनिटं गेली. हे खोटं बोलणं नव्हे, टाळाटाळही नव्हे. आपल्याकडे शहाणा माणूस आधी पार्श्वभूमी सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो; एकदम मुद्दा फेकणं उर्मटपणाचं वाटतं. पण स्टुटगार्टच्या माणसासमोर लाईन थांबलेली असते. त्याला आधी आकडा हवा, मग तारीख, आणि कारण त्यानंतर. कारण आधी आलं की त्याला वाटतं, हे लोक सबब सांगताहेत.

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. न्हावा शेवाहून निघालेला माल 2023 च्या अखेरीपासून बऱ्याचदा लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जातो. प्रवास लांबला, म्हणजे कुठल्याही दिवशी समुद्रावर असलेला मालही वाढला. यातले संशयित किती, गोदामात किती, आपल्या लाईनवर किती: लॉजिस्टिक्सच्या मुलाकडे तिन्ही आकडे होते. तो सगळ्यांत कमी बोलणारा, पण त्याने कागदाकडे बघत तीन आकडे तीन वाक्यांत सांगितले आणि थांबला. कॉलची सुरुवात त्यानेच करायची असं ठरलं.

मग मी अवघड प्रश्न विचारला. शुक्रवारपर्यंत तपासलेले चांगले पार्ट विमानाने पाठवाल का?

"येस मॅडम, वी विल ट्राय अवर बेस्ट," क्वालिटीची मुलगी म्हणाली.

"जमणार आहे का शुक्रवारी?" मी मराठीत विचारलं.

"नाही हो मॅडम. सोमवारच्या आत शक्यच नाही."

दिवसभरातला माझा खरा पाठ हाच. 'प्रयत्न करतो' हे आपल्या कानाला नकारासारखं ऐकू येतं, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं. पलीकडचा माणूस मात्र वहीत शुक्रवार लिहून ठेवतो आणि शनिवारी आपल्यावरचा त्याचा विश्वास उडतो. म्हणून वाक्य असं बांधलं: 'फ्रायडे इज नॉट पॉसिबल. वी कॅन शिप ऑन मंडे, फाइव्ह हंड्रेड पार्ट्स, ऑल चेक्ड.' पहिले तीन-चार प्रयत्न तिच्या घशातच अडकले. पुढेमागे 'सॉरी' लावल्याशिवाय तिला ते म्हणवेना. सॉरी एकदा, कॉलच्या सुरुवातीला, मनापासून म्हणावं. प्रत्येक वाक्याला लावलं तर समोरचा अस्वस्थ होतो. शेवटी तिने ते सरळ म्हटलं. खोलीत सगळ्यांना जाणवलं की ती पहिल्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते आहे.

एवढ्यात मोठे साहेब डोकावले. 'चालू द्या' म्हणाले आणि मागच्या खुर्चीत बसले. लॉजिस्टिक्सचा मुलगा पुन्हा गप्प झाला.

गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची उत्तरं अभ्यासून 1980 मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर लोक किती गृहीत धरतात याचा एक अंक त्याने काढला. भारताचा 77, जर्मनीचा 35. प्रशिक्षणवाल्यांना हे आकडे फार प्रिय. मी ते जपून वापरते, कारण एका कंपनीतल्या लोकांची ती सरासरी आहे, समोर बसलेल्या माणसाचा तो दाखला नव्हे. तरी त्या क्षणी खोलीत जे झालं ते त्या अंकातलंच होतं. मी साहेबांना बाजूला नेऊन विनंती केली: कॉलवर मुलगा बोलत असताना तुम्ही मधे बोलू नका, त्याचा आकडा चुकला तरच बोला. ते 'बरं' म्हणाले, थोडे विचारात पडून. व्यवहाराचं इंग्रजी शिकवायचं तर कधीकधी न शिकणाऱ्यालाही शिकवावं लागतं.

साडेबारा

कँटीन. दिवाळी संपली तरी डब्यांतून चिवडा आणि शंकरपाळे अजून निघताहेत. कॉलच्या पहिल्या दोन मिनिटांत कुणी 'हाउ वॉज युअर हॉलिडे?' विचारलं तर काय सांगायचं, ते जेवताजेवता ठरलं. सणाची कथा नको. घरी कोण आलं, काय खाल्लं, एवढं पुरे. क्वालिटीची मुलगी म्हणाली, भाऊबीजेला भावाने काय दिलं ते सांगते. उत्तम.

दोन

मी स्क्रीनच्या बाहेर, भिंतीला टेकून. कॉलमध्ये मी कधीच बोलत नाही.

पलीकडे तिघं होते. एक जर्मन, एक पोलंडच्या कारखान्यातली बाई आणि एक माणूस ज्याच्या उच्चारावरून मला देश ओळखता आला नाही. इंग्रजी त्यांच्यापैकी कुणाचीही मायबोली नव्हती. आमच्या लोकांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: तुम्ही ज्यांना घाबरता ते लोकही शाळेतच इंग्रजी शिकलेत. लंडनच्या साहेबाशी बोलण्याची वेळ या धंद्यात क्वचित येते. तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाशी तरी रोज येते.

लॉजिस्टिक्सच्या मुलाने आकडे सांगितले. साहेब बोलले नाहीत. पोलंडच्या बाईंनी भराभर काहीतरी विचारलं, त्यात 'सॉर्टिंग' एवढंच मला कळलं, आमच्या मुलीलाही बहुधा तेवढंच. पूर्वी अशा वेळी आमची माणसं 'येस, येस' म्हणायची आणि कॉल संपल्यावर एकमेकांना विचारायची, ती काय म्हणाली? आज मुलगी म्हणाली, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?" बाई हसल्या, हळू बोलल्या, आणि त्यानंतरचा सगळा कॉलच एक गती खाली आला. त्या जर्मन माणसालाही ते बरं वाटलेलं दिसलं.

एक जागा बारीक होती. बरीची उंची सांगताना जर्मन माणूस 'झिरो कॉमा झिरो फाइव्ह' म्हणाला. ते दशांशाला स्वल्पविराम देतात, आपण बिंदू देतो. प्रॉडक्शनच्या गृहस्थांनी लगेच चॅटमध्ये '0.05 मिमी' लिहून 'करेक्ट?' असं विचारलं. आकडा बोलला की लिहायचाही, हे आम्ही घोकून ठेवलं आहे. लाख-कोटी परदेशी माणसासमोर काढायचे नाहीत, वेळ सांगताना साडेतीनला सरळ 15:30 म्हणायचं. इंग्रज ज्याला 'हाफ थ्री' म्हणतो ते साडेतीन आणि जर्मनाच्या भाषेतलं तेच बोलणं अडीच होतं. एवढ्यावरून माणसं विमानतळावर तासभर वाट बघत बसली आहेत.

शुक्रवारचा प्रश्न आला. मुलीने सोमवार सांगितला. पलीकडे थोडी शांतता झाली. हीच वेळ जपायची असते, कारण शांतता सहन न होऊन आपली माणसं 'बट वी विल ट्राय' जोडून टाकतात. ती गप्प राहिली. "ओके. मंडे. प्लीज कन्फर्म बाय मेल," जर्मन माणूस म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

पावणेचार

पहिली शिफ्ट सुटली. हात धुऊन, युनिफॉर्मवरच चौघं येतात. यात एक सेटर काका आहेत, पन्नाशीचे, आयटीआय झालेले, मशीनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलं ते सांगणारे. कंपनी जर्मनीहून नवीन ग्राइंडिंग मशीन घेते आहे. ते निघण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन चालवून बघायचं, ठरल्याइतके पार्ट काढायचे, मोजायचे आणि मगच पास करायचं. या कामाला कंपनीने डिग्रीवाल्याबरोबर काकांना निवडलं, आणि ज्याने निवडलं त्याचं मला कौतुक वाटतं. पासपोर्ट नवा कोरा आहे. काकूंनी देव्हाऱ्यात ठेवून पूजा केली होती, असं त्यांनीच सांगितलं.

प्रवासाचं इंग्रजी म्हणून बाजारात जे मिळतं त्यात हॉटेलात सूप मागवणं असतं. काकांना त्याआधी इमिग्रेशनच्या काचेसमोर उभं राहायचं आहे. मी तिथला अधिकारी होते, टेबल मधे घेते, आणि हसत नाही.

का आलात? किती दिवस? कुठे राहणार? खर्च कोण करतंय?

काकांचं पहिलं उत्तर होतं, "फॉर वर्क." हा शब्द तिथे जड पडतो. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा कुठल्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहायला देतो, आणि तो नोकरी करायचा परवाना नाही. काका तिथे नोकरीला चाललेच नाहीत. ते मशीन तपासायला चाललेत. मग तेच सांगायचं, जे खरं आहे तेच, नेमकं: 'माय कंपनी इज बायिंग अ मशीन. आय ॲम हिअर टु इन्स्पेक्ट इट. टेन डेज.' कंपनीचं पत्र, मशीन बनवणाऱ्याचं निमंत्रण, परतीचं तिकीट, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा, हॉटेलचं बुकिंग: सगळे कागद एका फाइलमध्ये, याच क्रमाने. विचारलं तर काढायचे, आपणहून टेबलावर पसरायचे नाहीत.

काकांनी ते वाक्य आधी पाठ केल्यासारखं म्हटलं. मी म्हटलं, "काका, लाईनवर ऑडिटर येतो आणि विचारतो इथे काय चाललंय, तेव्हा तुम्ही कसं सांगता?" "सरळ सांगतो, बघून सांगतो." "तसंच." पुढच्या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले, आवाजही त्यांचा स्वतःचा होता.

मग जेवण. काका माळकरी आहेत. 'व्हेज' म्हणून चालणार नाही, कारण तिथल्या शाकाहारात अंडं बसतं. 'नो मीट, नो फिश, नो एग्ज. मिल्क अँड चीज ओके' हे चार तुकडे कागदावर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये लिहून खिशात. संध्याकाळी यजमान बिअर पुढे करतील. नको म्हणायला लाज नाही, कारणं देत बसायचीही गरज नाही. 'नो, थँक यू, वॉटर फॉर मी' आणि ग्लास उचलून त्यांच्याबरोबर 'चिअर्स'. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच ब्रेड, दूध, फळं आणून ठेवायची. रेल्वेचा फलाट ऐनवेळी बदलतो, तेव्हा तिकीट दाखवून गणवेशातल्या माणसाला 'विच प्लॅटफॉर्म?' एवढं विचारायचं. काही झालं तर 112.

शेवटी मशीन. इथे माझं काम जवळपास संपतं. तिथला फिटरही बहुधा जर्मनच बोलेल, इंग्रजी त्यालाही जेमतेम. स्पिंडल, व्हील, कूलंट, रनआउट हे शब्द दोघांकडे आहेत, बोट आहे, मायक्रोमीटर आहे. एकच गोष्ट मी काकांकडून खणखणीत आवाजात म्हणून घेते: "स्टॉप. दिस इज नॉट ओके." माप चुकलं तर डिग्रीवाल्याची वाट न बघता, पाहुणे म्हणून संकोच न करता. करोडोंचं मशीन पास होणार की नाही ते या पाच शब्दांवर ठरू शकतं. काका ते म्हणाले तेव्हा बाहेरून जाणारा शिपाई दारात थबकला.

सव्वापाच

एचआरशी बैठक. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: उच्चार 'न्यूट्रल' करणं आणि शेवटी सर्टिफिकेट. उच्चाराला मी नाही म्हटलं. कॉल सेंटरच्या भरात त्यावर खूप पैसा गेला. आमच्या माणसाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढता येत नाहीत म्हणून आजवर कुठलं शिपमेंट अडलेलं नाही. शेवटचं अक्षर गिळू नका, आकडे सावकाश सांगा, नाव स्पेल करताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली वापरा. एवढ्याने काम होतं. सर्टिफिकेटला माझी ना नाही. केंब्रिजची बिझनेस इंग्रजीची परीक्षा 1993 पासून आहे, ईटीएसची टोइक 1979 मध्ये जपानच्या मागणीवरून सुरू झाली, आणि 2001 पासून युरोपची ए1 ते सी2 ही पायरी सर्वांना समजते. ज्याला पुढची नोकरी बघायची आहे त्याने जरूर द्यावी. पण दुपारचा कॉल निभावलेला मुलगा त्या परीक्षेत मधल्या पायरीवर येईल, आणि वरच्या पायरीवरचे कित्येक जण तो कॉल निभावणार नाहीत.

पुढच्या महिन्यापासून सगळ्या मीटिंग इंग्रजीत घ्यायच्या, अशीही एक सूचना आली. मी राकुतेनचं उदाहरण दिलं. त्या जपानी कंपनीने 2010 मध्ये कामकाज इंग्रजीत नेण्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी 2012 पर्यंतची मुदत दिली; महिन्याची नाही, दोन वर्षांची. आणि सकाळची साडेआठची मीटिंग मराठीतच राहू द्या, असं मी आग्रहाने सांगितलं. लाईन का थांबली हे ज्या भाषेत माणूस चटकन आणि खरं सांगतो, त्या भाषेत ते आधी बाहेर यायला हवं. इंग्रजी त्यानंतर येऊ शकतं.

साडेसहा

परतीची बस. या वेळी मीही झोपते.

आठ

रात्रीची बॅच ऑनलाइन असते. निफाड-पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्ष बागायतदार, सहा-सात जण. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, दिवसभर बागेत राबून बसलेले. काहींचे कॅमेरे ओट्यावर, मागे कुत्रं भुंकतंय. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यांतल्या दोघांना तिथे जायचं आहे. एरवी मधे एजंट असतो. यंदा आयातदाराशी स्वतः बोलायचं ठरवलंय.

इंजिनीअरांपेक्षा यांना शिकवणं मला सोपं जातं. बाजार समितीत लिलावाला उभं राहून वाढलेली माणसं. नाही म्हणायला ती घाबरत नाहीत, भाव ऐकून गप्प बसणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ब्रिक्स, बेरी साइझ, पनेट, रीफर कंटेनर, रेसिड्यू रिपोर्ट, ग्लोबलगॅप हे शब्द घरात रोज आहेत. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली तेव्हा किती घरं हादरली, ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. त्यामुळे 'एमआरएल', म्हणजे अंशाची कमाल मर्यादा, काय असते हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. अडतं ते निराळ्याच जागी. स्टॉलवर समोरचा माणूस दोन मिनिटं देतो. त्यात कोण, कुठले, किती एकरांचा गट, कोणत्या आठवड्यापासून माल, कोणती प्रमाणपत्रं, हे आलं पाहिजे. ते लोक तारखेऐवजी वर्षाचा आठवडा मोजतात: 'वीक सिक्स टु वीक फोर्टीन'. आज आम्ही कॅलेंडर उघडून प्रत्येकाच्या बागेची छाटणी आठवड्यांच्या आकड्यांत मांडली.

मग मी डच आयातदार झाले. डच माणूस आडपडदा ठेवत नाही, 'युअर प्राइस इज टू हाय' हे तो पहिल्या मिनिटाला म्हणतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. पहिल्या शेतकऱ्याला तो अपमान वाटला, त्याचा चेहरा उतरला. दुसरा मात्र हसला.

"मॅडम, हा तर आमच्या व्यापाऱ्यासारखाच बोलतोय की! आता याला म्हणायचं कसं, की भाव हाच राहील, पण साइझ अठरा मिलीमीटरच्या वरच देतो?"

"तुम्हीच म्हणा, मग नीट करू."

"प्राइस... सेम. बट साइझ, एटीन प्लस. ओन्ली एटीन प्लस."

त्यात नीट करण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी डच आयातदाराच्या आवाजात पुढचा प्रश्न विचारला: "अँड इफ इट रेन्स इन जॅन्युअरी?" ओट्यावर एकदम चार जण बोलायला लागले.